विश्लेषण : मोमिनाबादची छावणी, बेथेलचे चर्च… मराठवाड्यातील जुन्या ख्रिस्ती दफनभूमी काय सांगतात?

अंबाजोगाई म्हटले की योगेश्वरीचे मंदिर, मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी आठवते. पण बीड जिल्ह्यातील हेच गाव निजामाच्या काळात ‘मोमिनाबाद’ या नावाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील घोडदळाची छावणी होते, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. मराठवाड्यात जुने चर्च किंवा झाडोऱ्यात हरवलेली दफनभूमी दिसली की ‘इंग्रजांची असेल’ असे म्हणून विषय संपवला जातो. मात्र हा इतिहास एकट्या इंग्रजांचा नाही. त्यात निजामाचे कर्ज आहे, १८५७ चे बंड आहे, मांग आणि महार कुटुंबांनी वसवलेले गाव आहे आणि ‘माणसाला माती कुठे द्यायची’ हा आजही न सुटलेला प्रश्न आहे.

मोमिनाबादेत छावणी का आली?

निजामाने १८०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. त्याखेरीज निजामाच्या पगारावर, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली एक वेगळी फौज उभी राहिली. हैदराबादचे तत्कालीन रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या नावावरून तिला आधी ‘रसेल ब्रिगेड’ म्हणत. पुढे ती ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. फौज निजामाची, पैसा निजामाचा आणि अधिकारी नेमणार रेसिडेंट, असा हा उफराटा कारभार होता. या फौजेचा खर्च निजामाच्या खजिन्याला पेलेना. थकबाकी वाढत गेली आणि अखेर लॉर्ड डलहौसीच्या काळात, मे १८५३ मध्ये, झालेल्या तहानुसार वऱ्हाड, धाराशिवचा परिसर आणि रायचूर दुआब हे प्रदेश कंपनीच्या कारभाराखाली द्यावे लागले. यापैकी धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र गेले ते गेलेच.

तहात कंटिंजंटचे बळ ठरवून दिले होते: किमान ५ हजार पायदळ, २ हजार घोडदळ आणि चार तोफखाने. या फौजेची ठाणी बोलारम, औरंगाबाद, हिंगोली, एलिचपूर (आजचे अचलपूर) आणि मोमिनाबाद येथे होती. मोमिनाबाद हे त्यातले घोडदळाचे ठाणे. म्हणजे आजच्या बीड जिल्ह्यातील ही छावणी ज्या खर्चाचा भाग होती, त्याच खर्चापायी निजामाला वऱ्हाड गमवावे लागले.

छावणीत चर्च आणि दफनभूमी कशासाठी?

छावणी म्हणजे केवळ बराकी नव्हेत. परेडचे मैदान, घोड्यांच्या पागा, बाजार, अधिकाऱ्यांचे बंगले आणि वस्तीपासून थोडी दूर दफनभूमी, असे ते एक छोटे गावच असे. कंटिंजंटमध्ये युरोपीय माणसे मोजकीच होती. काही अधिकारी, त्यांची कुटुंबे, एखादा सर्जन, एवढेच. बाकी सारे देशी स्वार. हे घोडदळ ‘शिलेदारी’ पद्धतीचे होते. स्वाराने स्वतःचा घोडा आणि सरंजाम घेऊन यायचे आणि त्याबदल्यात ठरलेला पगार घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती.

औरंगाबादसारख्या मोठ्या ठाण्यावर चर्चची इमारत असे. तेथील छावणीतले ख्राइस्ट चर्च त्याच परंपरेतले. लहान ठाण्यांवर मात्र कायमचा धर्मोपदेशक नसे. तो दौऱ्यावर येई. एरवी रविवारची प्रार्थना वरिष्ठ अधिकारीच वाचून दाखवी. मृत्यू मात्र धर्मोपदेशकाच्या दौऱ्याची वाट पाहत नसे. उन्हाळ्यात दफन त्याच दिवशी उरकावे लागे आणि अंत्यविधीचे शब्दही अनेकदा पलटणीचा प्रमुखच म्हणे. त्यामुळे लहान छावणीत चर्च असो वा नसो, दफनभूमी असायचीच.

मृत्यूचे प्रमाणही तसेच होते. भारतातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला. आधीच्या दशकांत येथील युरोपीय सैनिकांपैकी वर्षाला दर हजारी सुमारे ६९ जण मरत असल्याचे त्यात नोंदले होते. लढाईपेक्षा पटकी, हिवताप, आमांश आणि यकृताचे विकार अधिक बळी घेत. त्या काळच्या छावण्यांतील दफनभूमीत लहान मुलांच्या आणि बाळंतपणात दगावलेल्या तरुण स्त्रियांच्या कबरी मोठ्या संख्येने आढळतात, त्याचे कारणही हेच. अशा थडग्यांवर वय ‘इतकी वर्षे, इतके महिने, इतके दिवस’ असे मोजून कोरलेले असते. मोजायला वर्षेच नसतील, तर दिवस मोजले जात.

१८५७ शी मोमिनाबादचा संबंध काय?

संबंध थेट आहे. १८५७ च्या उन्हाळ्यात औरंगाबादेतील कंटिंजंटचे तिसरे घोडदळ मालेगावकडे हलवण्यात आले आणि त्याच्या जागी पहिले घोडदळ मोमिनाबादेहून औरंगाबादेत आणले गेले. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी कुणकुण या स्वारांना लागली आणि १२ जूनच्या सुमारास तेथे बंडाची ठिणगी पडली. निजामाच्या हद्दीबाहेर जाऊन बादशहाशी लढणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पलटणीचे प्रमुख कॅप्टन ॲबट होते. जूनच्या अखेरच्या आठवड्यात जनरल वुडबर्न यांची फौज पुण्याकडून अहमदनगरमार्गे औरंगाबादेत पोहोचली. स्वारांना शस्त्रे खाली ठेवायला सांगितले जात असताना मीर फिदा अली यांनी ॲबट यांच्यावर गोळी झाडली. ती चुकली. मीर फिदा अली यांना फाशी देण्यात आली. पुढे इतरांनाही गोळ्या घालून किंवा तोफेच्या तोंडी देऊन मारण्यात आले. छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकाजवळचा ‘काला चबुतरा’ त्या शिक्षांची आठवण सांगतो.

दफनभूमीच्या इतिहासात हा प्रसंग महत्त्वाचा आहे. ज्या छावणीत अधिकाऱ्याच्या तान्ह्या मुलाच्याही कबरीवर नाव कोरले जाई, त्याच छावणीतून गेलेल्या या स्वारांना नाव कोरलेला दगड मिळाला नाही. एकाच पलटणीतील माणसे, पण मृत्यूनंतरच्या नोंदीत केवढी तफावत. जुन्या छावण्यांतील शिलालेख वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. दगडावर आहे तो इतिहास खरा असला, तरी तो पुरा नसतो.

ती पलटण पुढे कुठे गेली?

नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम महबूब अली खान यांच्यात वऱ्हाडच्या कायमच्या भाडेपट्ट्याचा करार झाला. त्यानंतर १९०३ मध्ये कंटिंजंट ही स्वतंत्र फौज उरली नाही. तिच्या पलटणी भारतीय सैन्यात विलीन झाल्या. जे पहिले घोडदळ १८५७ मध्ये मोमिनाबादेहून औरंगाबादेत गेले होते, त्याचेच नाव पुढे ‘२० वे डेक्कन हॉर्स’ झाले.

पहिल्या महायुद्धात ही पलटण फ्रान्समध्ये होती. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत ‘हाय वुड’ या जंगलाजवळ तिने भाले रोखून घोडे घातले. खंदकांच्या आणि मशीनगनच्या त्या युद्धात घोडदळाचा असा हल्ला ही दुर्मीळ गोष्ट होती. पश्चिम आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा ४ हजार ७०० हून अधिक भारतीयांची नावे फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर कोरलेली आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोग १९१७ पासून अशा स्मारकांची आणि कबरींची देखभाल करतो. हुद्दा, जात, धर्म न पाहता सर्वांना सारखाच मान, हे त्याचे तत्त्व. पुण्यातील खडकीची युद्धदफनभूमी त्याच आयोगाकडे असल्याने आजही नीटनेटकी दिसते.

मराठवाड्यातील छावण्यांच्या दफनभूमींना हे छत्र नाही. आयोगाचे काम दोन महायुद्धांतील मृतांपुरते आहे. १८६० मध्ये पटकीने मेलेला अधिकारी किंवा त्याची पत्नी त्यात बसत नाही. ‘डेक्कन हॉर्स’ मात्र आजही भारतीय सैन्याच्या चिलखती दलात आहे. १९६५ च्या युद्धात असल उत्तर येथे पाकिस्तानी पॅटन रणगाडे रोखणाऱ्यांत ही पलटण होती.

बेथेलची कथा वेगळी कशी?

छावणीची दफनभूमी निघून गेलेल्यांची असते. मराठवाड्यात दुसऱ्या प्रकारचीही दफनभूमी आहे. ती आहे येथेच राहिलेल्यांची. त्याचे ठळक उदाहरण बीडला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील बेथेल हे गाव.

त्याचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री. देशस्थ ब्राह्मण कुटुंबातील हा तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाही तीच वाट धरायची होती. पण तो अल्पवयीन असल्याने प्रकरण मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मुलाचा ताबा वडिलांना मिळाला. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबई-पुण्यात मोठे वादळ उठले. त्याला परत घेण्याच्या बाजूने खंबीरपणे उभे राहिले ते ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. मराठी पत्रकारितेचा आद्य पुरुष आणि जालन्याचे एक खेडे यांना जोडणारा हा दुवा सहसा सांगितला जात नाही.

नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात जालन्यात आले. त्यांच्याकडे आलेले बहुतेक लोक मांग आणि महार समाजातील होते. धर्म बदलला तरी गावगाडा बदलत नव्हता. विहीर तीच बंद, वस्ती तीच गावकुसाबाहेर आणि बलुतेदारीतील कामे तीच. त्यामुळे वेगळे गावच वसवावे, असे शेषाद्रींनी ठरवले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी त्यासाठी जालन्याजवळ जमीन दिली. तेथे विहीर, शाळा, चर्च आणि घरांच्या जागा आखून ‘बेथेल’ वसले. हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ ‘देवाचे घर’. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे घालून भाषण करणारे शेषाद्री तेथील वृत्तपत्रांच्या कौतुकाचा विषय झाले होते. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

अशा गावात चर्च आणि दफनभूमी यांना छावणीपेक्षा वेगळा अर्थ येतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला जिवंतपणी पाण्यावर हक्क नव्हता आणि मेल्यावरही जागा जातीप्रमाणे ठरलेली होती. स्वतःच्या विहिरीइतकीच स्वतःची दफनभूमी ही या माणसांची कमाई होती. आजही मराठवाड्यातील अनेक मंडळ्या ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जमतात, कबरी झाडून पुसून फुले वाहतात. तिथल्या कबरींवर संगमरवर क्वचितच असतो. बहुतेक ठिकाणी मातीचा उंचवटा, एखादा काळा दगड आणि रंगाने लिहिलेले नाव, इतकेच. पावसाळ्यात रंग जातो आणि नाव पुन्हा लिहावे लागते.

ख्रिस्ती म्हणजे दफनच, असे आहे का?

प्रथा दफनाची आहे, पण ती एकमेव नव्हे. कवी नारायण वामन टिळक यांचे ९ मे १९१९ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार दहन करण्यात आले. ख्रिस्ती झालो तरी येथलाच राहिलो, हे सांगण्याची ती त्यांची रीत होती. आज मोठ्या शहरांत जागेच्या टंचाईमुळे एकाच कबरीचा काही वर्षांनी पुन्हा वापर, भिंतीतील कोनाडे किंवा दहन हे पर्याय स्वीकारले जात आहेत. खेड्यात मात्र बहुतेक कुटुंबांसाठी दफन हाच मार्ग आहे आणि त्यासाठी जागा लागतेच.

ही केवळ इतिहासाची गोष्ट का नाही?

हा प्रश्न किती तीव्र होऊ शकतो, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या छत्तीसगडमधील प्रकरणाने दाखवले. बस्तरमधील छिंदवाडा गावच्या एका ख्रिस्ती पाद्रींचा मृतदेह गावात पुरण्यास विरोध झाला. मुलगा न्यायालयात गेला. तोवर वडिलांचा मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात पडून होता. २७ जानेवारी रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीश चंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने भिन्न मते दिली. कुटुंबाच्या खासगी शेतात दफनाला परवानगी द्यावी, असे न्या. नागरत्ना यांचे मत होते. नेमून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच दफन व्हावे, असे न्या. शर्मा यांनी म्हटले. मृतदेह आणखी ताटकळू नये म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे न पाठवता, सुमारे २० ते २५ किलोमीटरवरील करकापाल येथील दफनभूमीत दफन करण्याचा आदेश अनुच्छेद १४२ खाली देण्यात आला. राज्यात ख्रिस्ती समाजासाठी दफनाच्या जागा निश्चित कराव्यात, असेही सरकारला सांगण्यात आले.

महाराष्ट्रात स्मशान आणि दफनभूमीची व्यवस्था हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कामांच्या यादीत त्याचा समावेश आहे. अडचण येते ती नोंदीची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. त्यामुळे कागदावरील धर्म आणि घरातील प्रार्थना यांत अनेक ठिकाणी अंतर पडते. कागदावर ख्रिस्ती कमी दिसले, की दफनभूमीची मागणीही ‘लोकसंख्या नाही’ म्हणून मागे पडू शकते. अशा वेळी जुनी दफनभूमी हाच त्या समाजाच्या पिढ्यानपिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा ठरतो.

जुन्या कबरींना कायद्याचे संरक्षण आहे का?

काही प्रमाणात आहे. कोणत्याही धर्माच्या दफनाच्या जागेत भावना दुखावण्याच्या हेतूने घुसणे किंवा मृतदेहाची विटंबना करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार गुन्हा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हे कलम २९७ होते. कोरीव लेख असलेला आणि शंभर वर्षांहून जुना दगड १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसू शकतो. मात्र एखादी दफनभूमी संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झालेली नसेल, तर तिची रोजची राखण कुणी करायची, याचे उत्तर कायदा देत नाही.

व्यवहारात नुकसान ठरावीक क्रमाने होते. आधी कबरीभोवतालचे लोखंडी कठडे आणि साखळ्या भंगारात जातात. मग संगमरवरी पाटी निघते, कारण ती सपाट असते आणि कामाला येते. उरतो चुन्या-विटांचा निनावी चौथरा. पाटी गेली की ‘ही कबर कुणाची’ हा प्रश्नच मिटतो आणि त्यापाठोपाठ ‘ही जागा कशाची’ असा प्रश्न उभा राहतो. अतिक्रमणाची वाट तेथून सुरू होते.

नावे कुठे सापडू शकतात?

दगड गेला तरी नोंद उरलेली असू शकते. कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिश सरकारच्या धर्मोपदेशकांनी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती वरिष्ठांकडे पाठवल्या. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या या वह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. निजाम राज्यातील कबरी आणि स्मारकांवरील लेखांची यादी ओ. एस. क्रॉफ्टन यांनी १९४१ मध्ये हैदराबादेत प्रसिद्ध केली. दगडांवरील मजकुराबरोबरच मृतांची थोडक्यात माहिती देणारा हा संदर्भग्रंथ या विषयाचा पाया आहे. १९७० च्या दशकात लंडनमध्ये स्थापन झालेली ‘बॅक्सा’ ही संस्था दक्षिण आशियातील अशा दफनभूमींच्या नोंदी जमवते आणि स्थानिक लोकांनी पुढाकार घेतल्यास दुरुस्तीला काही मदतही करते.

स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांची नावे मात्र या यादीत शोधून उपयोग नाही. ती मंडळीच्या वह्यांत असतात. मराठीत हाताने लिहिलेल्या बाप्तिस्मा आणि दफनाच्या या वह्या अनेकदा चर्चच्या कपाटात वाळवीच्या तोंडी असतात. जमिनीच्या बाबतीत निजामकालीन उर्दू कागद, १९५४ चे खासरा पत्रक, सातबारा आणि शहरात मिळकत पत्रिका, हे कागद महत्त्वाचे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून मराठवाड्यातील तहसील कार्यालयांत निजामकालीन दफ्तरे उघडली गेली, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध घेतला गेला. त्याच दफ्तरांत छावण्यांच्या, मिशनला दिलेल्या आणि दफनासाठी सोडलेल्या जमिनींचेही धागे असू शकतात.

आता काय करता येईल?

पहिले काम खर्चाचे नाही, नोंदीचे आहे. प्रत्येक कबरीचा फोटो, तिचे माप, दगडावरचा मजकूर जसाच्या तसा आणि जागेचा नकाशा एवढे केले तरी निम्मे काम होते. यासाठी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांचे विद्यार्थी पुरेसे आहेत. फोटो घ्यायचा तो सकाळी किंवा सायंकाळी. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे वाचता येतात. दगडावर आम्ल किंवा तारेचा ब्रश वापरू नये आणि जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापू नये. त्याने ओल आत कोंडते आणि बांधकाम आणखी फुटते.

दुसरे काम सातबाऱ्यावर ‘दफनभूमी’ अशी नोंद आहे का, ते तपासण्याचे. नसेल तर जुन्या कागदांच्या आधारे ती करून घेण्याचे. तिसरे काम मंडळीच्या वह्यांचे फोटो काढून त्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवण्याचे. छावणीतील कबरींचे वारस सातासमुद्रापलीकडे आहेत आणि त्यांच्यासाठी नोंदवह्या लंडनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. बेथेलसारख्या गावांतील कबरींचे वारस येथेच, चार घरे पलीकडे राहतात. त्यांच्या आजी-आजोबांची नावे मात्र चर्चच्या एका वहीत आणि दरवर्षी नव्याने लिहाव्या लागणाऱ्या रंगाच्या अक्षरांत उरली आहेत.